खालचा हात

७ जानेवारी

खुर्चीबाईंनी आज माझं अख्खं काम उसवायला लावलं! वर म्हणाल्या, "सर, हा वेत आहे, साप नाही. इतकं भिऊन धरू नका." वर्गात हशा. जन्मभर मी पोरांकडून विभक्ती पुन्हा पुन्हा लिहून घेतल्या, आता माझी पाळी. कर्मफल म्हणतात ते हेच असावं.

बाई पूर्वी बँकेत होत्या. नोकरी संपल्यावर गॅरेजातली मोटार विकली आणि तिथे वेताच्या खुर्च्या विणायचा वर्ग काढला. आम्ही सगळे शिकाऊ नुकतेच कामातून सुटलेले. काय करायचं न कळलेले. माझं नाव लेकीने परस्पर घातलं. "बाबा, दिवसभर घरात बसून भिंतींना संस्कृत शिकवताय का?" जीभ आईवर गेलीय.

१० जानेवारी

बोटांना चिरा. वेताची कड पात्यासारखी असते. पण मजा वाटली — कबूल करायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय?

१४ जानेवारी

गॅलरीतली हिची खुर्ची मधल्या खोलीत आणली. बैठक फाटून लोंबत होती. ही गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नाही, तरी फाटली. बसून झिजते तशी न बसताही झिजते म्हणायची.

जुना वेत काढून टाकला. आता नुसती लाकडी चौकट आणि कडेने भोकं. बाई म्हणाल्या, "पहिलीच घरची खुर्ची? धाडस आहे!" धाडस कसलं. दुसरी खुर्चीच नाही मोडलेली.

संध्याकाळी लेकीचा फोन. तोच विषय. "इकडेच या ना कायमचे. ते घर भाड्याने देऊ. खोली तयार आहे तुमची."

"खुर्ची होऊ दे," म्हटलं.

"खुर्चीसाठी कुणी राहतं का बाबा?"

"राजकारणात सगळेच राहतात," म्हटलं. हसली, पण विषय सोडला नाही.

१९ जानेवारी

कामाची रीत लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. पट्टी पातेल्यात भिजवायची. चकचकीत बाजू वर. टोक वरून भोकात खाली घालायचं, मग वाकून, हात खुर्चीखाली नेऊन, ते शेजारच्या भोकातून वर काढायचं. ओढायचं. खुंटी मारायची, म्हणजे ढिलं पडत नाही. पुन्हा खाली. पुन्हा वाकायचं.

कंबर गेली! बाईंकडे तक्रार केली.

"अहो, मुळात हे दोघांचं काम," म्हणाल्या. "एक वर बसतो, एक खाली. वरच्याने टोक खाली द्यायचं, खालच्याने पुढच्या भोकातून वर. बोलायचीसुद्धा गरज पडत नाही. एकट्याने करायचं म्हणजे तुमच्या कमरेलाच दुसरा माणूस व्हावं लागतं."

कमरेचा तसा काही इरादा दिसत नाही.

२३ जानेवारी

उभ्या ओळी पुऱ्या.

२७ जानेवारी

आज दुपारभर विणत होतो. रेडिओवर कसलीशी चर्चा चालू होती, तिकडे अर्धं लक्ष. आडव्या ओळी निम्म्याच्या पुढे गेल्या. उठलो, चहा टाकला, आणि चहा उकळताना लक्षात आलं — कंबर दुखत नाहीये.

दुखणार कशी? मी वाकलोच नव्हतो.

आठवून पाहिलं. टोक खाली घालत होतो, ते वर येत होतं, ओढत होतो. वर येत होतं एवढं नक्की आठवतं. माझा डावा हात मात्र सगळा वेळ चौकटीवर होता. तिथे लाकडाची कड रुतल्याचा वळ अजून आहे.

किडा लाकूड पोखरता पोखरता चुकून एखादं अक्षर उमटवतो, त्याला आमच्या शास्त्रात घुणाक्षरन्याय म्हणतात. तसंच काही झालं असेल. हाताला सवय लागते, मन दुसरीकडे असतं. चहा उतू गेला.

२८ जानेवारी

रेडिओ बंद ठेवून बसलो. टोक खाली घातलं. हात मांडीवर ठेवला, मुद्दाम.

वर आलं.

सावकाश, शेजारच्या भोकातून, बोटभर. ओढण्याइतकं वर येऊन थांबलं. धाडकन खाली वाकून पाहिलं — फरशी, वेताचे कपटे, माझी चप्पल.

प्रत्यक्षाला दुसरं प्रमाण लागत नाही, असं वर्गात किती वेळा बडबडलो असेन! आज ते प्रत्यक्ष समोर आलं, तर मी पंख्याचा वारा तपासत होतो.

३१ जानेवारी

गाडीत घालून खुर्ची वर्गात नेली. बाईंनी ती उलटी केली आणि चष्मा कपाळावर सारला.

"खाली कोण बसलं होतं?"

"कुणी नाही."

"सर, मला शिकवू नका. एकट्याचं काम खालून ओबडधोबड असतं, चाचपत केलेलं. हे बघून केलंय. गाठ न् गाठ एका रांगेत." मग डोळे बारीक करून, "शेजारच्या कुणी येतात वाटतं मदतीला? येऊ देत, येऊ देत! आम्ही कुठे काही म्हटलं?"

वर्गात पुन्हा हशा. मीही हसलो. बाकी काय करणार!

जाताना म्हणाल्या, "खालचा हात तुमच्यापेक्षा चांगला आहे हं. त्यांनाच पाठवा वर्गाला."

३ फेब्रुवारी

ही आहे.

लिहून टाकलं. कागद फाटला नाही.

दुसरं कोण असणार? खुर्ची तिची. वाक्यात कर्ता अध्याहृत असतो — लिहिलेला नसतो, पण क्रियापद काम करत असतं. तसंच हे.

८ फेब्रुवारी

दुपार केव्हा होते याची वाट पाहतो. जेवण उरकून, हात धुऊन, वेत भिजवून बसतो. मी खाली देतो, ती वर देते. बोलतोही आता. पेन्शनच्या कचेरीतल्या गमती सांगितल्या. शेजाऱ्यांनी भिंतीला लावलेला भयंकर हिरवा रंग सांगितला. उत्तर येत नाही, टोक येतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर संभाषण साधारण असंच असतं.

लेकीला सांगून टाकलं, मी येणार नाही. "का?" "इथे करमतंय." मग म्हणाली, "बाबा, दीड वर्षात पहिल्यांदा असं म्हणालात." तिला बरं वाटलं की काळजी वाटली, कळलं नाही.

१३ फेब्रुवारी

भिजल्या वेताचं पाणी फरशीवर गळतं. आज काम थांबवून फडकं घ्यायला वाकलो तर दिसलं — खुर्चीखाली सगळीकडे थेंब. मधोमध मात्र कोरडं. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढं कोरडं.

पुसलं नाही. आपोआप वाळू दिलं.

१६ फेब्रुवारी

एक गोष्ट सलतेय. मी इतकं बोलतो, आणि ही इतकी निमूट? मी म्हटलं, "दुधाचा भाव वाढला," तर ही म्हणायची, "वाढून आठवडा झाला, तुम्हाला आज कळला." मी भाजी आणली की पिशवी उपडी करून एकेक जून भेंडी माझ्या नाकासमोर धरायची. माझ्या निरोपसमारंभाच्या भाषणातलासुद्धा व्याकरणदोष तिने घरी येताना रस्त्यात सांगितला असता, असती तर. चूक दिसली की तिला बसवत नसे.

आणि ही खाली बसणारी? देईन ते घेते. कधी हिसका नाही, टोचणं नाही.

१८ फेब्रुवारी

आता तिरक्या ओळी. आज मुद्दाम चुकलो. एक भोक सोडून पुढच्यात टोक घातलं. ढळढळीत चूक, आंधळ्याच्याही हाताला लागेल अशी. ही असती तर त्याच भोकातून टोक परत वर फेकलं असतं, माझ्या बोटात खुपेल असं.

टोक खाली गेलं. थांबलं.

मग चुकीच्या भोकाच्या शेजारून, हळूच, वर आलं.

पुन्हा चुकलो. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा वेताची बाजूच उलटी घातली. तीही मुकाट्याने परत आली.

ही ती नव्हे.

मग पंधरा दिवस मी कुणाला घरातलं सगळं सांगत बसलोय?

१९ फेब्रुवारी

खुर्चीच्या खोलीत गेलो नाही. दार लावून घेतलं. दुपारी, रोजच्या वेळेला, आतून आवाज आला. ओला वेत भोकातून सरकतो तसा. खालून वर, आणि परत खाली. ओढायला वर कुणी नसल्यासारखा.

२० फेब्रुवारी

कात्री घेऊन गेलो आणि बैठक कापून टाकली. उभ्या, आडव्या, तिरक्या, सगळ्या. खाली पाहिलं नाही. एक पट्टी कापताना खालून घट्ट धरल्यासारखी वाटली. मग सैल सुटली.

वेत पोत्यात भरून बाहेर ठेवला. लेकीला फोन केला. "ने मला."

"करमतंय म्हणाला होतात ना?"

"नाही करमत."

"रविवारी येते," म्हणाली. कारण विचारलं नाही. शहाणी आहे.

२५ फेब्रुवारी

लेक आली. भांडी, पुस्तकं खोक्यांत भरली. कोश कुठले न्यायचे यावर भांडलो, बरं वाटलं. मग त्या खोलीत गेली आणि रिकाम्या चौकटीसमोर उभी राहिली.

"आईची खुर्ची विणत होतात? आणि हे असं का कापलंत?"

मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. हसेल वाटलं होतं. हसली नाही. मुद्दाम चुकल्याचं सांगितलं, ती चूक मुकाट्याने परत आल्याचं सांगितलं. म्हटलं, "तुझी आई माझी चूक सोडेल का? कधी सोडली?"

ती खोक्यावर बसली.

"बाबा, शेवटचे महिने तुम्ही तिला पेपर वाचून दाखवायचात. आठवतं?"

आठवत होतं. जागरणं असायची. ओळी गाळायचो, एकच बातमी दोनदा वाचायचो. ती काही म्हणायची नाही. मला वाटायचं, तिचा डोळा लागलाय.

"जागी असायची," लेक म्हणाली. "मी एकदा विचारलं, आई, बाबा चुकीचं वाचतायत, सांगत का नाहीस? तर म्हणाली, 'चुकू दे गं त्यांना. मी टोकलं की ते थांबतात.'"

मी उठून दाराबाहेर गेलो. पोतं बाहेरून कधीच गेलं होतं, कचऱ्याच्या गाडीबरोबर.

२७ फेब्रुवारी

लेकीला एकटीलाच परत पाठवलं. नवा वेत आणला, भिजवला आणि रिकाम्या चौकटीवर ठेवला. या खेपेला मी खाली बसलोय, फरशीवर मांडी घालून. वही गुडघ्यावर.

आत्ता वरून टोक आलं. एक भोक सोडून, चुकीच्या जागी.

मी चकार शब्द काढला नाही. शेजारच्या भोकातून परत वर दिलं.