मशीनच्या पोटातला आंबूस वास

१२ मार्च १९६२. बंगळूर, राजाजीनगर
सकाळच्या गाडीनं म्हैसूरला जाणार होतो. गेलो नाही. अक्काच्या मोरीत कपडे धुवायचं मशीन चालू होतं, ते बघत उंबऱ्यावर बसलो ते बसलोच. मधल्या पंख्याभोवती पाणी आपलं आपण उजवीकडं वळतं, जरा थांबतं, विचार केल्यासारखं, मग डावीकडं. मध्येच शर्टाची बाही वर येते, हात हलवते, परत बुडते. वर दोन रबरी लाटणी. एकीकडून ओला पंचा घातला की दुसरीकडून पापडासारखा बाहेर. कुणाच्या तरी डोक्यात हे आलं, आणि त्यानं ते खरंच केलं!
अक्का माझी मावसबहीण. दाजींचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. सोड्यानं अक्काच्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं, म्हणून त्यांनी कुणा गोऱ्या मडमेच्या लिलावातून हे आणलं. अक्कानं तळवे उघडून दाखवले, लहान पोरीनं मेंदी दाखवावी तसे. भेगा मिटत आल्यात.

१३ मार्च
पण वास. झाकण उघडलं की भपकारा, आंबून उतू गेलेल्या डोशाच्या पिठाचा. कपड्यांनाही तोच.
दाजी जेवताना : "स्वल्प असता तर चाललं असतं गं. आज कचेरीत शेजारचा विचारतो, डबा अंगावर सांडला का म्हणून."
अक्का आमटी वाढत राहिली.
"रविवारपर्यंत गेला तर सरी, राहू दे मशीन. नाहीतर भंगारवाला बघतो."
अक्कानं हात पदरात घेतले. मी बोलून गेलो, "मी घालवतो वास." मला काय कळतं त्यातलं? शाळेत विज्ञानाच्या तासाला मी आंब्याच्या झाडावर असायचो.

१४ मार्च
उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, मशीन रिकामंच फिरवलं. मग लिंबं आणायला गेलो. वाटेत एक जण पिंपाला कडं बसवत होता. लोखंड लाल होतं, मग केशरी, मग जवळजवळ पांढरं. दुपारी घरी. लिंबं राहिली.
अक्का : "तुला मीठ आणायला धाडलं तर समुद्र बघत बसशील."
संध्याकाळी वास नव्हता. झाकण नीट लावलं, वर अक्कानं विणलेलं आच्छादन घातलं.

१५ मार्च
सकाळी वास दुप्पट.
शिवाजीनगरला गेलो. पंखे-मोटारी दुरुस्त करणारे एक चाचा, चष्म्याला दोरा. सगळं ऐकून म्हणाले, "ढक्कन कायकू बंद करके रखते? बंद नक्को करो मियाँ, उसे भी साँस होना." मग म्हणाले, "बीच का पंखा निकाल के देखे? ऊपर नक्को देखो. नीचे देखो."
नक्को! आमचं 'नको' यांच्या तोंडात. इतक्या लांब कोण घेऊन आलं असेल, कधी, कुठल्या घोड्यावर बसून? बस सुटली तरी तेच डोक्यात.

१६ मार्च
आधी वायर काढली. मधल्या पंख्याची टोपी फिरेना. खोबरेल सोडून तासभर बसलो. मग ओढला. फस्स करून सुटला.
खाली करडा, जाड थर. खरवसासारखा, पण जिवंत. बुडबुडे येत होते. आत तीन बटणं, पोलक्याचा एक आकडा. घाणीची शिसारी यायला हवी होती, मी मात्र बघतच राहिलो. वरून एवढं पांढरं स्वच्छ मशीन, आणि पोटात हे. बोटांत चोळलं. चिकट. साबण नव्हे.
"अक्का, ही खळ आहे ना? तांदळाची?"
ती बराच वेळ परकराची नाडी ओवत बसली. मग : "धोतर कडक नसलं तर त्यांना बाहेर पडवत नाही. गरम खळीत हात घातला की भेगा पेटतात रे. म्हटलं, एवढं सगळं करतं ते, हेही करेल. यातच ओतायची." मग हळूच, "त्यांना नको सांगू."
मीही तेच केलं असतं. इतकं येतं त्याला. एवढंच का येऊ नये?

१७ मार्च
दिवसभर. लाकडी उलथन्यानं थर खरवडला. काथ्या, सोडा, गरम पाणी, तीनदा. खालची नळी काढली, काळं पाणी भळाभळा. लिंबं (आज आणली). लाटण्यांचा दाब सैल केला, रबर पुसून कोरडं. झाकण उघडं, आच्छादन कपाटात.
डोकं घालून हुंगलं. काहीच नाही. इतका 'काहीच नाही'चा वास मी आयुष्यात घेतला नव्हता.

१८ मार्च, रवि.
दाजींनी खांद्यापर्यंत डोकं आत घातलं. आतून आवाज आला, "अय्यो!" बाहेर येऊन, "काय केलंस रे?"
म्हटलं, पाणी साठू द्यायचं नाही, नळी खाली सोडायची, झाकण उघडं ठेवायचं, आणि... अडलो.
अक्का चुलीपाशी होती. वळलीही नाही. "आणि यात खळ घालायची नाही. मी घालत होते."
दाजींनी मशीनचं झाकण एकदा लावलं, परत उघडलं. मग एवढंच, "मग धोतर?"
भात खदखदत होता.

१९ मार्च
दाजी खळ नसलेलं धोतर नेसून कचेरीला निघाले. निऱ्या राहीनात, पायांत लोंबत होत्या. मी अंगणात होतो, अक्का दाराआड.
गेल्यावर विचारते, "काही म्हणाले?"
"नाही. फाटकाशी थांबले. धोतर चाचपलं, एकदा घराकडं बघितलं. गेले."
"कसं बघितलं?"
आठवून बघतोय. रागानं नव्हतं. दाराआड ती दिसते का, ते शोधल्यासारखं.