बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

चंद्रपूर, १२ जानेवारी १९८६

ति. हरिदासभाऊ यांस,
सत्यशीलेचा सप्रेम जयभीम. वि. वि.

नेत्रशिबिराची चिठ्ठी दुसऱ्यांदा पाठवते आहे. पहिली उलटी करून तुम्ही तिच्यावर भागाकार केलात, असं मनकर्णावहिनींनी कळवलं. परवा अंगणातल्या बैलाला शेजारचा लच्छू समजून जयभीमही घातलात म्हणे. १२३४५६७ ही मूळ संख्या आहे की नाही हे निवृत्त मास्तरांनी ठरवलं नाही, तर चामोर्शीचा बाजार भरायचा थांबणार आहे का? तिला कुणी भागो न भागो, मोतीबिंदू आणखी पिकला तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. रविवार, ९ फेब्रुवारी. माया असू द्या, आणि थोडी अक्कलही.

तुमची,
सत्यशीला

चामोर्शी, २० जानेवारी

चि. सत्यशीला हिस,
अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस. या संख्येचं वर्गमूळ अकराशे अकराच्या आसपास, म्हणून तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं. काल शेवटच्या ११०९ ने भागलं. बाकी उरलीच. म्हणजे संख्या मूळ. तुझ्या हातच्या यादीतला एकही आकडा सोडला नाही. विश्वास बसावा म्हणून सगळे भाजक आणि बाक्या सोबत जोडल्या आहेत. आता एकदा पडताळणी करायची आहे. शिबिराला पुढल्या वर्षी येईन. तुझी वहिनी म्हणते, याह्यले आकडे दिसतात, मंग बैल काऊन नाई दिसत? आकडे मी बोटभर मोठे काढतो, एवढंच. ऑपरेशननंतर दिसलंच नाही तर, बाई? दिसतंय तोवर एक गोष्ट पुरती खरी करून ठेवू दे.

तुझा,
हरिदास

चंद्रपूर, २७ जानेवारी

ति. भाऊ,
जयभीम.

इतकी चिडले की तुमची चूक काढायला ते कागद छापील पुस्तकाशी ताडून पाहिले. ११३ नंतर एकदम १३१. मधला १२७ नाही.

चूक तुमची नाही. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी मिशनच्या बोर्डिंगातून सुट्टीत आले होते. सिस्टरांनी घोटवलेलं अक्षर म्हणून तुम्ही मागून आणलेल्या पुस्तकातली मूळ संख्यांची यादी मला वहीत उतरवायला दिलीत. ११३ ला पान संपलं. बाहेर मैत्रिणी टेंभरं खायला हाका मारत होत्या. मी पान उलटलं आणि १३१ पासून पुढे लिहीत सुटले. तुम्ही साऱ्या शाळेच्या वह्या तपासल्यात, माझी तेवढी कधी तपासली नाहीत.

१२७ ने मी भागलेलं नाही. घरात कॅल्क्युलेटर आहे, त्याला हात लावला नाही. तो भागाकार तुमचा. उत्तर काहीही येवो, एसटीत बसा. लोभ आहेच, धीर संपला आहे.

सत्यशीला

चामोर्शी, १ फेब्रुवारी

चि. सत्यशीला हिस,
आशीर्वाद.

नऊ हजार सातशे एकवीस. बाकी शून्य. तीनदा केलं. मूळ नव्हे, संयुक्त संख्या. तीन महिने तुझ्या टेंभरांपायी गेले. तुझी वहिनी सकाळपासून हसून राह्यली आहे.

शनिवारी मुक्कामाला येतो. वही आणतो. ११३ च्या खाली थोडी जागा आहे. डोळ्याची पट्टी सुटली की तिथे १२७ तू लिही, त्याच अक्षरात. मला पाहायचं आहे.

हरिदास