चुलीत घातलेलं व्हायोलिन

अंधेरी, नोव्हेंबर १९८४

तीर्थरूप बाबांना,
इनासचा नमस्कार.

मी मजेत आहे. तुमच्या छातीचं दुखणं कसं आहे? फिलूताईने लिहिलंय, मरणाआधी तुम्हाला माझं व्हायोलिन ऐकायचंय म्हणे. पहिलं तुम्हीच चुलीत घातलंत ना? मी दुसरं घेतलं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला वाजवतो, लोक डोळे पुसतात. वसई इथून तासाभरावर आहे, पण मी येणार नाही.

रोज सकाळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर धावतो. धावताना ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणतो. ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ जवळ आली की वेग वाढवतो. मग दम लागतो आणि ती म्हणावी लागत नाही.

आईला सांगा, इनास एक दिवसही प्रार्थना चुकवत नाही.

तुमचाच,
इनास