साडेआठ फूट

बाबा, त्या दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून मसूर निवडत होता. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशातच आत आले आणि वही तुमच्या ताटाशेजारी ठेवली. सिस्टरनी पहिल्यांदाच मॉरिशसचा नकाशा काढायला सांगितला होता; तोवर आम्ही मुली थेम्स आणि सीन याच नद्या काढत आलो होतो. माझ्या नकाशाला सोनेरी चांदणी मिळाली होती. काठाभोवतीची प्रवाळाची रांग, मधलं पठार, डोंगर, उसाची हिरवी शेतं, पोर्ट लुईचं बंदर, सगळं जागच्या जागी. तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि विचारलंत, "रॉड्रिग्ज कुठाय?" मी म्हणाले, "ते बेट फार लांब आहे. कागदात मावत नाही." तुम्ही ताटातला एक खडा बाजूला टाकलात. "कागदात मावत नाहीत म्हणून माणसं गाळायची?"

पलीकडच्या घरातली तांतीन रॉड्रिग्जची होती. तांतीन म्हणजे क्रिओलमध्ये मावशी. सगळी आळी तिला तसंच म्हणायची. तिच्या भावाकडून बोटीने लाल मिरच्या, छोटी लिंबं आणि घेवड्याच्या बिया यायच्या, आणि त्यातला एक डबा न चुकता आपल्या खिडकीतून आत यायचा. ते वर्ष स्वातंत्र्याचं होतं. शाळेत चार रंगांचे कागदी झेंडे वाटले होते. तिच्या बेटावरच्या बहुतेकांना मात्र ते स्वातंत्र्य नको होतं, आणि ती ते लपवत नसे. "झेंडा तुमचा, लिंबं माझी," असं म्हणून ती डबा पुढे करायची.

त्या आठवड्यात तुम्ही प्लास्टर कालवलंत. फूटभर लांबीचं मॉरिशस फळीवर उभं केलंत, डोंगरांना गेरू लावला आणि डोक्यावर धोंडा घेतलेल्या डोंगराच्या टोकावर निवडलेल्या डाळीतला एक मसूर खोचलात. रॉड्रिग्ज वेगळं केलंत, माझ्या करंगळीपेक्षा किंचित मोठं. मग दोरी धरलीत. त्याच मापाने रॉड्रिग्ज पूर्वेला साडेआठ फुटांवर येत होतं. दोरी खिडकीतून निघाली, बोळ ओलांडून गेली आणि तांतीनच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर टेकली. ती हात कमरेवर ठेवून बघत होती. "मिस्ये, समुद्र माझ्या भातात पडला तर?" तुम्ही म्हणालात, "मीठ कमी घाला." तिथेच खिळा ठोकलात. मी दोन्ही स्वयंपाकघरांतून आळीपाळीने पाहते आहे, आणि मला पहिल्यांदाच कळतं आहे की माझा देश एका खोलीत मावत नाही.

त्याच सुमारास तुमच्या संध्याकाळच्या मराठी वर्गासाठी मी निबंध लिहिला आणि खिडकीत उभी राहून मोठ्याने वाचला. "आम्ही मॉरिशसचे लोक." तुम्ही लाल शाईने "आम्ही" खोडलंत. "समोर कोण उभंय?" "तांतीन." "मग ‘आम्ही’ म्हटलंस तर ती बाहेर राहते. ‘आपण’ लिही." तांतीनला फरक समजावून सांगितल्यावर ती हसत सुटली. क्रिओलमध्ये एकच शब्द, नू. "तुम्हा लोकांना शब्दातसुद्धा कुंपण लागतं का?" तुम्ही म्हणालात, "लागतं. म्हणून तर फाटकही ठेवलंय."

पुढे पुण्यात सून म्हणून गेले तेव्हा तुमचं ते कुंपण मला उपयोगी पडलं. "आमच्यात भाताला मागून पाणी घालत नाहीत," असं सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "आपल्यात" ऐकायला मला चार वर्षं लागली. कधी बदललं, त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. माझ्या आलं.

तुम्ही गेल्यावर घर रिकामं करायला मी आले, तेव्हा तांतीनने स्वतःच खिळा उपटला आणि रॉड्रिग्ज टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "लांब लाव," एवढंच म्हणाली. पुढे जर्मनीत, कोलोनच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा यांनी टेप धरून पाहिली. आमचं स्वयंपाकघर अरुंद. साडेआठ फूट पूर्वेला म्हणजे भिंतीपलीकडे, शेजारणीच्या घरात. "राहू दे गं, कोण बघतंय," हे म्हणाले. मी ते फळीच्याच कोपऱ्यात चिकटवलं, किनाऱ्यापासून दोन बोटांवर. पाहुणे कौतुक करायचे. शेजारणीशी इतक्या वर्षांत जिन्यातला नमस्कार, आणि फोडणीच्या वासाबद्दल दारावर आलेली एक चिठ्ठी, एवढंच.

ही फळी नातीला द्यायची हे ठरलेलं होतं. ती आठ वर्षांची आहे. मराठी समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि मराठी बोललीच तर सगळीकडे "आम्ही". परवा विचारत होती, "आजी, आम्ही कधी जेवणार?" मी म्हटलं, "तुम्ही जेवा, मी उपाशी राहते." तिला कळेना. "आम्ही, आजी! विअर हाल्ट!" विअर म्हणजे आम्हीही आणि आपणही. तिच्या वर्गात प्रत्येकाने आपलं घराणं कुठून आलं त्याचं प्लाकाट, म्हणजे भित्तिचित्र, करायचं आहे. त्यासाठी ती फळी उतरवून बसली, फोनवर अंतर पाहिलं, पट्टी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, फाल्श. हे इथे नाहीये."

"फळीवर मावत नव्हतं," मी म्हणाले. आणि म्हटल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला, दहा वर्षांच्या मुलीचा.

आम्ही दोघींनी गरम पाण्याचं फडकं ठेवून, सुरीच्या टोकाने ते सोडवलं. एक कडा तुटली, बाबा; पश्चिमेची. नात रॉड्रिग्ज ओंजळीत घेऊन जिन्यात गेली आणि मी थांबवायच्या आत तिने बेल दाबली. शेजारणीने सगळं ऐकून घेतलं. "आल्झो, म्हणजे माझ्या भिंतीवर एक बेट हवंय?" "गेनाऊ," नात म्हणाली. "माणसं राहतात तिथे?" "खूप." तिने घड्याळ पाहिलं. "तीननंतर ठोका. आत्ता रुहेत्साइट आहे." दुपारच्या शांततेची वेळ म्हणजे इथे देवाची वेळ. आम्ही तिच्या टेबलाशी चाळीस मिनिटं बसलो. तिने कॉफी दिली आणि ओशाळून विचारलं की त्या वासाच्या बिया कोणत्या, विकत कुठे मिळतात. तीन वाजता तिने स्वतः हातोडी आणली. खिळा तिच्या चुलीच्या वर बसला, मापाने.

आता वाटण्या. फळी नातीची, प्लाकाट झालं की ती इथेच परत टांगायची, आणि माझ्यानंतर तिच्या घरी न्यायची. तुमची लाल शाईची दौत मुलाला. ती वाळली आहे, त्याला सांगायला नको. मोहरीचा डबा शेजारणीला, आजच. रॉड्रिग्ज कोणालाच द्यायचं नाही. नात जिथे राहील तिथून पूर्वेला साडेआठ फुटांवर जो कोणी राहत असेल, त्याच्याकडे ते मागून, विचारून लावायचं. हे पत्र मसुराच्या डब्यात राहील. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही.

एक राहिलं. शेजारणीला फळीची हकीकत सांगताना मी म्हणाले, "हा आमचा देश." जर्मनमध्ये त्याला एकच शब्द, म्हणून तिला काही लागलं नाही. पण मनात मी "आमचा"च म्हटलं होतं, बाबा, तिच्याच टेबलाशी बसून.