हिअरिंग, लिसनिंग आणि मामांचा डावा कान

प्रिय मामा,

नमस्कार. (शाळेत पत्राचा मायना शिकवत होते तेव्हा मी तापाने झोपले होते, आणि पुढे शाळाच सुटली. त्यामुळे वर 'तीर्थरूप' लिहायचं की 'पूज्य', याचा माझा कायम घोळ होतो. दोन्ही लिहिलंय असं समजा, आणि पायाही पडलेय असं समजा.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मामीची कंबर? वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या पेट्यांची ठोकाठोक जोरात चालू असेल. इथे माझी तब्येत उत्तम आहे, फक्त येत्या रविवारी ती बिघडणार आहे. का ते पुढे येईलच.

फोन सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं तुम्हाला वाटेल. मामा, गेल्या वेळी फोनवर मी तुम्हाला सांगितलं की माझी चप्पल गटारात वाहून गेली आणि मी अनवाणी कामावर गेले, तर तुम्ही म्हणालात, "वा वा, असंच चालू दे." त्याच्या आधी मी जिन्यात घसरून कोपर फोडून घेतलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "छान झालं, सगळ्यांना सांगतो." तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत माहीत नाही, पण कोणी भेटायला आलं नाही. म्हणून लिहून पाठवते. तुमचे डोळे शाबूत आहेत.

तर कामाचं. कानाच्या मशीनच्या दुकानात मला तुम्हीच चिकटवलंत. तुमचं म्हणणं होतं की तोंड न उघडणाऱ्या पोरीला हेच काम बरं, तिथे येणाऱ्यांना नाहीतरी ऐकू येत नाही. आणि खरं सांगते मामा, तुमचं बरोबर निघालं. दुकानाच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे, त्यावर वाकवता येणारा दिवा आहे, आणि दिव्याखाली मी आणि दुरुस्तीवाले काका बसतो. लोकांची मशीनं येतात, त्यात मळ अडकलेला असतो, तो मी बारीक ब्रशने काढते. नळी कडक झाली असेल तर बदलते, सेल बदलते, कानाला लावून बघते, डबीत ठेवते. काका सकाळी आल्यावर "हं" म्हणतात आणि जाताना "चला" म्हणतात. मध्ये काही नाही. मला तर वाटलं होतं की माझ्यासारख्यांसाठी देवाने ही एकच खोली बांधली असावी. (शाळेत तोंडी परीक्षेला मी उभी राहिले की माझी वाचा जायची आणि मागच्या बाकावरच्या मुली माझ्याऐवजी उत्तरं द्यायच्या, ते तुम्हाला माहीतच आहे. शेवटी त्या पास झाल्या आणि मी घरी बसले.)

आता या खोलीवर संकट आलंय, आणि ते कोट घालून आलं.

झालं असं की आमच्या मॅडमच्या (दुकान त्यांचंच) लक्षात आलं, लोक मशीन घेऊन जातात आणि घरी कपाटात ठेवून देतात. का ठेवतात? आमच्या काकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की मशीनचा कानात घालायचा साचा नीट बसत नाही, टोचतं, म्हणून. पण काकांना विचारलं नाही. एका सरांना बोलावलं. हे सर दुकानादुकानांत जाऊन लोकांना शहाणं करतात. त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत दोन इंग्रजी शब्द दाखवले, एक हिअरिंग आणि एक लिसनिंग, आणि म्हणाले की तुमच्या धंद्याचं सगळं दुखणं या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आहे. हिअरिंग म्हणजे नुसतं कानावर पडणं. ते आपोआप होतं, पंख्याच्या घरघरीचं होतं, कुत्र्याच्या भुंकण्याचं होतं. लिसनिंग म्हणजे मन लावून ऐकणं, ते करावं लागतं. तुम्ही हिअरिंग विकता, गिऱ्हाइकाला हवं असतं लिसनिंग.

इथपर्यंत मला पटलं. पण मग सर म्हणाले की आपल्या भाषेत हा फरकच नाही, आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द, ऐकणं. त्यावर मी मनात जरा थबकले. कारण आमच्या घरात 'हिला ऐकू येतं पण ही ऐकत नाही' हे वाक्य आई माझ्याबद्दल चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी आणि मधल्या वेळी म्हणायची. शिवाय ऐकून घेणं वेगळं (ते मामी करते), ऐकवणं वेगळं (ते तुम्ही करता, राग मानू नका), आणि कोणाच्या ऐकण्यातलं असणं अजून वेगळं (तसं आपल्या घराण्यात कोणी नाही). पण हात वर केला की सगळे आपल्याकडे बघतात, म्हणून मी ते तसंच गिळलं.

सर सकाळी बोलायला लागले ते जेवणाची सुट्टी खाऊन पुढे गेले. विषय लिसनिंग, त्यामुळे दुसऱ्या कोणाला बोलायला वावच नव्हता. मध्ये दुरुस्तीवाल्या काकांनी हात वर केला. सर म्हणाले, प्रश्न शेवटी. काकांनी तो हात दुखला म्हणून दुसरा वर केला. सर म्हणाले, पेशन्स, काका, हाच तर लिसनिंगचा पाया. तेवढ्यात एसीचं जे पाणी इतका वेळ सरांच्या, भिंतीवर अक्षरं पाडणाऱ्या मशीनच्या वायरीवर ठिबकत होतं, त्याने आपलं काम केलं. फट्‌ असा आवाज झाला, भिंतीवरचे दोन्ही शब्द गेले आणि दिवेही गेले. काकांनी हात खाली घेतला आणि "हेच सांगत होतो" म्हणाले. सर अंधारातच म्हणाले, बघा, डोळे बंद असले की लिसनिंग किती छान होतं, आणि पुढे चालू.

दिवे आल्यावर जोड्या लावल्या. एकाने पाच मिनिटं मनातलं सांगायचं आणि दुसऱ्याने मध्ये एकही शब्द न बोलता ऐकायचं. काउंटरवरच्या ताईंची जोडी काकांशी लागली. काकांनी "माझं काय..." एवढं म्हटलं आणि उरलेला वेळ ताईंनी स्वतःच्या जावेचं सांगितलं. माझी जोडी लागली मॅडमशी. मॅडम बोलायला लागल्या, त्यांच्या बहिणीबद्दल काहीतरी होतं, दोघी बरीच वर्षं बोलत नाहीत वगैरे. मी खरं सांगते, मला त्यातलं अर्धंसुद्धा कळलं नाही. मी इतकी घाबरले होते की मान वर करून त्यांच्या डाव्या कानातल्याकडे बघत राहिले. त्यातला एक खडा पडला होता, आणि तो आमच्या टेबलावरच्या गोंदाने बसेल का, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. आणि मॅडम रडायलाच लागल्या. म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा माझं कोणीतरी ऐकलं गं. सर धावत आले आणि सगळ्यांना बोलावून म्हणाले, याला म्हणतात लिसनिंग! ही मुलगी नॅचरल लिसनर आहे!

म्हणजे बघा, मी हिअरिंगसुद्धा धड केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझी खोली सुटली. मला छातीवर लावायला एक बिल्ला दिला आणि दुकानात पुढे, काचेजवळ, गादीची खुर्ची दिली. समोर दुसरी खुर्ची. येणाऱ्याने आधी माझ्यासमोर बसायचं आणि मन मोकळं करायचं. लोकही काय, बसायला लागले! दुकानाच्या जागेवरून भांडायला येणारे जागामालक बसले. पाणी तपासायला आलेला प्लंबर बसला, नळ तसाच गळत राहिला. शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातल्या बाई रोज दुपारी त्यांच्या सुनेला घेऊन येतात, म्हणजे सुनेची तक्रार घेऊन येतात. मी सगळ्यांच्या कानातल्यांकडे बघते. (पुरुषांच्या शर्टाच्या बटणांकडे.) सगळे डोळे पुसत जातात. मशीन कोणी घेत नाही.

परवा एक आजोबा आले. त्यांचं मशीन शिट्टी मारत होतं. आमच्या टेबलावर ते चिमूटभर काम आहे, साचा बसवला की झालं. आजोबा म्हणाले, एवढी शिट्टी बघा. मॅडम म्हणाल्या, बाबा, आधी तुम्हाला काय वाटतं ते सांगा. आजोबा म्हणाले, शिट्टी वाजतेय असं वाटतं. मॅडम म्हणाल्या, त्याच्या मागचं दुःख सांगा. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात आपोआप त्यांच्या कानाकडे गेला, तर मॅडमनी तो हळूच खाली घेतला आणि म्हणाल्या, हे हिअरिंग झालं, आपण लिसनिंग करायचं. आजोबा थोडा वेळ बसले आणि शिट्टी वाजवत निघून गेले. पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती मामा. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आत टेबलावर डब्यांचा ढीग झालाय. काका एकटे पडलेत. परवा मी डोकावले तर ते "हं" म्हणाले, पण त्यांचं नेहमीचं "हं" नव्हतं ते.

आणि आता खरं संकट. रविवारी दुसऱ्या दुकानांतली माणसं आमच्याकडे येणार आहेत, सर येणार आहेत, माईक लागणार आहे, आणि हिअरिंग आणि लिसनिंग यांच्यातला फरक या विषयावर मी बोलायचं आहे. मी! ते झालं की सोमवारपासून गादीची खुर्ची माझी कायमची, आणि मागच्या टेबलावर मॅडमचा पुतण्या बसणार. (तो चांगला आहे, पण त्याच्या हातातून वस्तू पडतात. कानाची मशीनं केवढी असतात तुम्हाला कल्पना नाही, पडलं की झाडूनेच सापडतं.)

मी मॅडमना सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा मी म्हटलं, "मॅडम, मला बोलायला..." तर त्या म्हणाल्या, अगं आवडेल, माहितीये मला. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "मला मागे..." तर त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि लहानपणी त्याही अशाच लाजऱ्या होत्या ते सांगायला लागल्या. मी त्यांच्या कानातल्याकडे बघत राहिले. खडा अजून बसवलेला नाही. जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, तुझ्याशी बोललं की किती हलकं वाटतं.

तर असं आहे. रविवारी मी माईकसमोर उभी राहणार आणि तोंडी परीक्षेला झालं तेच होणार, फक्त इथे मागच्या बाकावर मुली नाहीत. तुम्ही काळजी करू नका. मला काही नको. सहज कळवलं. मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक घ्या.

तुमची भाची,
(तीच, जिला तुम्ही मुकीबाई म्हणता)

ता.क. काही नको असं वर लिहिलंय ते खोडायचं राहिलं. शेवटी मी मॅडमना चिठ्ठी लिहिली. मॅडमना लिहिलेलं पटकन समजतं, फक्त बोललेलं समजत नाही. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या की भाषण नको असेल तर त्याऐवजी सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक करून दाखव. काका कान तपासतील आणि तू मशीन बसव. बोलायची गरज नाही. ते नीट झालं तर सोमवारी टेबलावर परत जा. मात्र माणूस तुझ्या घरचा आण, म्हणजे लोकांना खरं वाटेल. आणि ज्याला कमी ऐकू येतं पण जो ते मान्य करत नाही असा आण. मामा, तुम्हाला कमी ऐकू येतं असं मी म्हणतच नाहीये. तुम्हाला सगळं ऐकू येतं आणि हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त माझ्यासाठी, तसं नाटक करायला या. सकाळची गाडी धरलीत तर वेळेत पोचाल. तुमचा डावा कान जास्त कामाचा आहे (त्याच बाजूला तुम्ही हातोडा चालवता), तो स्वच्छ धुऊन आणा.

ता.क. दुसरा. मामीने फोनवर मला सांगितलं की ती हल्ली तुम्हाला काही सांगत नाही. जे सांगायचं ते स्वयंपाकघरातल्या घड्याळाला सांगते. म्हणते, ते निदान मध्येच 'बरं बरं' म्हणत नाही. मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं. तिला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. काय ते मला माहीत आहे. काळजीचं नाही, पण ओरडून सांगण्यासारखंही नाही, म्हणून राहून गेलंय. तेव्हा मशीन मी आणि काका असं बसवून देऊ की शिट्टी वाजणार नाही आणि टोचणारही नाही. हिअरिंगचं आमच्याकडे लागलं. लिसनिंगचं तुमचं तुम्ही बघा.

ता.क. तिसरा, आणि हा मामीला दाखवू नका. मशीनच्या मागे नखाने दाबायचं एक बारीक बटण असतं. दाबलं की आवाज बंद, सगळं गार. घरोघरी ते किती दाबलं जातं हे आम्हाला टेबलावर बरोबर कळतं, कारण त्याच्यावरचा रंग झिजतो. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं. तुमचं मशीन साफ करायला माझ्याकडेच येणार आहे.