निळा रुमाल

बुऱ्हाणपूर. रविवार, संध्याकाळ.

आज आईने बाबांच्या पेटीतून निळा रुमाल काढला. लहानपणी मी लिहायला बसले की बाबा याच रुमालाने माझा डावा हात कमरेशी बांधायचे.

ते स्वतः डावखुरे. शाळेत मार खाऊन उजव्या हाताने लिहायला शिकले, पण डावा सुटला नाही. कारखान्यातून आणलेल्या कागदाच्या मधोमध दोन्ही हात ठेवायचे आणि एकदमच लिहायचे. उजवा सुलटं, डावा आरशातल्यासारखं उलटं. मला तसंच लिहायचं होतं. "इच्छादेवीच्या प्रसादाला डावा हात पुढे केलास तर बाया हसतील," म्हणायचे आणि गाठ आवळायचे.

त्यांना माझी लाज वाटायची की काळजी? कधी विचारलं नाही.

ते जाऊन वर्ष होईल. घरात त्यांच्या अक्षराचा एकही कागद नाही. आम्ही दोघींनी सगळीकडे शोधलं.

रुमाल माझ्या हातात देऊन आई म्हणाली, "आता कोण बांधतं तुला? लिही नं बाई." आणि पोळ्या लाटायला गेली.

रुमाल मांडीवर ठेवला. डाव्या हाताने बाबांचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांनी. हात आपणहून उजवीकडून डावीकडे गेला, सगळं उलटं उमटलं. वाचायला कागद पालटून खिडकीच्या उजेडात धरला.

आई दारात थांबली. हात पिठाचे.

"कुठे सापडला गं हा कागद?"

अजून तिला सांगितलेलं नाही. तिने तो रुमालात गुंडाळून पेटीत ठेवला आहे.