एकाच घरातली दोन पोटं

दि. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून पत्र. नीट बसून वाच. वजन उतरवायला मी पोटाचं ऑपरेशन करून घेणार आहे. ठरलं!

कारण तुला कळायलाच हवं. गेल्या महिन्यात एका बाईंना गाडी शिकवताना मी शेजारच्या सीटवर चक्क झोपी गेलो. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, त्याच्या भरवशावर तर लोक शिकायला येतात. वळण आलं तसं बाईंनी विचारलं, आता काय करू, आणि उत्तरादाखल त्यांना घोरणं ऐकू आलं. त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग मला हलवून उठवलं. म्हणजे माझं शिकवणं वाईट नाही! पण त्या दिवसापासून मी गाडीत बसलेलो नाही. कचेरीत नुसते नियमांचे धडे देतो. डॉक्टर म्हणाले, गळ्याभोवतीच्या चरबीने झोपेत श्वास अडतो, म्हणून दिवसा पेंग येते. साखर वाढलीय ती वेगळीच. पथ्यं किती झाली तुला ठाऊक आहे. दर वेळी गेलेलं वजन सोबतीला आणखी घेऊन परतलं.

सर्जन बाईंनी मला कागदावर तीन पोटं काढून दाखवली. एकात जठराच्या वरच्या भागाला पट्टा बसवतात, तो बँड. दुसऱ्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि उरतं ते बाहीसारखं निमुळतं, ते स्लीव्ह. तिसरं बायपास: जठराची एवढीशी पिशवी वेगळी करून तिला खालचं आतडं थेट जोडायचं. मी स्लीव्हवर बोट ठेवलं. सरळ काम, आतड्याला हात नाही. तुझी भावजय म्हणते, नवी गाडी बघून आल्यासारखा माझा चेहरा झालाय.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

दि. ११ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बसून वाच म्हणालास, मी उभ्यानेच वाचलं आणि मग मटकन बसले. गाडीतला प्रकार दोनदा वाचला. त्या बाईंना माझा नमस्कार सांग, शिष्या गुरूला भारी निघाली.

पण जठर कापून टाकायचं? अरे, उभा जन्म मी कापड कापतेय. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं पुन्हा ठाणाला जोडता येत नाही. माझं मत पट्ट्याला. नाही मानवला तर काढून टाकता तरी येईल. आणि आपण दोघं जन्मतःच भरल्या अंगाची. आई म्हणायची ना, माझी पोरं वाऱ्याने उडणार नाहीत. मग एवढं बारीक होऊन जायचंय कुठे तुला?

माझा सांधेवात आहे तसाच. सकाळी दुखण्याची गोळी पोटात गेली की बोटं वळतात, मग दुकान उघडते.

तुला घाबरवायला लिहिलं नाही. घाबरले म्हणून लिहिलं.
आठवणीने उत्तर धाडणे.
तुझी ताई

दि. २८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा पट्टा मी बाईंपुढे मांडला. त्या हसल्या नाहीत, उलट म्हणाल्या, ताईंचा प्रश्न रास्त आहे. पट्टा काढता येतो हे खरं. पण तो सरकतो, पुष्कळांना खरंच काढावा लागतो, आणि वजनही त्या मानाने कमी उतरतं. त्या आता तो सहसा बसवत नाहीत.

पुढची गंमत ऐक. माझं स्लीव्हही बारगळलं! तोंडातून दुर्बीण घालून तपासलं, तर अन्ननळी आंबटाने लालबुंद झालेली. माझी ती जुनी जळजळ तुला माहीत आहेच. स्लीव्हने ती आणखी वाढू शकते. बायपासने ती बहुतेक शमते, आणि साखरेलाही त्याचा जास्त फायदा. एक दिवस मी तोंड पाडून बसलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, अरे, हे तर माझ्या मापाचं निघालं. जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्यायच्या, अधूनमधून रक्त तपासायचं. आणि दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या बंद, कारण त्यांनी जोडाशी व्रण होतो. मला कुठे काय दुखतंय?

जुलैच्या अखेरीस तारीख आहे. तू ये. तुझी भावजय धीराची आहे, पण तिलाही कुणीतरी लागेल.
वाटेकडे डोळे लावलेला,
धाकटा

दि. ६ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

येते. दुकान मदतनीस मुलीवर टाकून येते.

एक विचारायचं होतं. त्या गोळ्या सगळ्यांनाच बंद करतात का? की स्लीव्ह केलं तर चालतात? आणि ऑपरेशनला वजन किती असावं लागतं? शेजारीण विचारत होती. तिला घाई नाही, पण तू विसरू नकोस.
तुझ्या उत्तराच्या आधी मीच पोचेन बहुधा.
तुझी ताई

दि. १२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी फोनवर सांगून संपवायची नव्हती. झोपेची तपासणी पुन्हा झाली आणि डॉक्टरांनी मला गाडीत बसायची परवानगी दिली! साखरेची एक गोळी सुटली, दुसरी अर्ध्यावर आलीय. पहिले आठवडे जिवावर आले होते, खोटं कशाला बोलू. वाटीभर पातळ सूप घोट घोट प्यायचं आणि तुझ्या भावजयीने पहारा द्यायचा. एकदा घाईने खाल्लं तर घाम फुटला, पलंगावर आडवा झालो. आता लहान घास घेतो, चावून चावून खातो, गाईलाही लाजवीन.

आता दुसरं. मी दवाखान्यात पडलेलो असताना तू चहाला म्हणून गेलीस आणि बराच वेळ सर्जन बाईंच्या खोलीत होतीस, असं तुझी भावजय सांगते. तिला मी आजवर शपथ घालून गप्प ठेवलंय.
तुझ्या शेजारणीला माझा नमस्कार. ती कशी आहे?
तिचाच भाऊ

दि. १९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

चहाड आहे तुझी बायको. तिला माझे आशीर्वाद.

हो, मीच ती. तू ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सलाइनचा स्टँड ढकलत व्हरांड्यातून चालत आलास आणि म्हणालास, “ताई, भूल दिल्यावरसुद्धा मी घोरलो नाही म्हणे.” त्या क्षणी मला तुझा हेवा वाटला. भावाचा हेवा, या वयात!

बाईंना मी म्हटलं, मलाही तेच करा. त्यांनी साफ नाही म्हटलं. माझ्या सांधेवाताला गोळ्या लागणारच, म्हणून बायपास माझ्यासाठी नव्हे. अन्ननळी मात्र स्वच्छ निघाली. तेव्हा तुझं बारगळलेलं स्लीव्ह माझ्या वाट्याला आलंय. एका आईची दोन पोरं, पण पोटं दोन तऱ्हेची. कापलेलं परत जोडता येत नाही, हे मी स्वतःला पुन्हा बजावलं आणि तरीही सही केली. नोव्हेंबरच्या शेवटी आहे. भीती वाटते, आणि मधेच हसूही फुटतं. मदतनीस मुलगी म्हणते, बाई, तुम्ही गुणगुणताय.

येशील ना? या खेपेला दवाखान्यात खाटेशेजारच्या खुर्चीत तू बसायचंस.
तुझी ताई

दि. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वजन उतरतंय, मुक्काम अजून लांब आहे. सांधे पूर्ण गप्प बसलेले नाहीत, पण त्यांच्यावरचा भार हलका झालाय. गोळीही आता रोज लागत नाही.

काल एक गिऱ्हाईक बाई आल्या, पायघोळ झगा घालून बघायला. घेर जमिनीपासून सारखा करायचा तर गुडघ्यांवर बसून टाचण्या लावाव्या लागतात. कितीतरी वर्षं ते काम मदतनीस मुलीचं. काल ती बाहेर गेली होती. मी क्षणभर दाराकडे पाहिलं आणि बसले. बाईंना जरा जरा वळायला सांगत सबंध घेर टाचला आणि उठले. भिंत धरली नाही, कुणी हात दिला नाही.

माझे डोळे भरून आले होते. बाई आरशात आपला झगा बघत होत्या. मला एवढंच म्हणाल्या, की मागून थोडा लांब वाटतोय का. मी म्हटलं, बघते हं, आणि पुन्हा खाली बसले.

दोघं सुखात असा, मला लिहीत जा.
तुझी ताई